आबांनी दिलेला शब्द

मे महिना लागला की आमच्या ऑफिसात नवे बूट येतात. आधी बूट दिसतात, मग त्यांत उभी असलेली मुलं. समर इंटर्न. दोन महिन्यांसाठी आलेली, मान ताठ, हातात वही, आणि तिसऱ्या दिवशी टाच सोललेली. त्यांच्यासाठी मी खणात औषधी पट्ट्यांचं पाकीट ठेवते. ‘थँक यू मॅडम’ म्हणून लंगडत जातात बिचारी. एवढ्या मोठ्या बँकेत एवढी वर्षं काढून माझी ख्याती काय, तर पट्टीवाल्या मॅडम.

यंदा मे लागता लागता एक मेल आला. गेल्या उन्हाळ्यात अशीच लंगडलेली एक मुलगी. हुशार, थोडी फटकळ. आम्ही तिला नोकरी देऊ केली होती, तिने हो म्हटलं होतं. आता आमच्याहून मोठ्या नावाच्या इन्व्हेस्टमेंट बँकेने तिला बोलावलं, म्हणून ती तिकडे चालली होती. मेल दोन ओळींचा. पहिल्या ओळीत आभार, दुसरीत दिलगिरी. माझा सहकारी भडकला, या पिढीला कशाचं काही वाटतच नाही वगैरे. मला राग नाही आला. खरं सांगते, मला हेवा वाटला. असल्याच दोन ओळी लिहिण्यात मी एके काळी पाच महिने घालवले होते, आणि शेवटी त्या लिहून झाल्याच नाहीत. तोंडाने सांगायला गेले, आणि तेही वडिलांना बरोबर घेऊन. की वडील मला बरोबर घेऊन गेले, असं म्हणायला हवं.

मीरा रोडचा मे म्हणजे खारट महिना. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. आम्ही वरळीच्या चाळीतून शांती नगरात राहायला आलो तेव्हा नातेवाइकांनी ‘एवढ्या लांब’ म्हणून तोंडं वाकडी केली होती. पण घरात स्वतःचा संडास, हॉलला दोन खिडक्या, समोर मोकळं आकाश. आईला बाकी काही नको होतं. फक्त पाणी नव्हतं. नळाला दिवसाआड यायचं, तेही त्याच्या मर्जीने. एरवी बोअरिंगचं. त्यात साबणाला फेस येत नसे, तुरीची डाळ सात शिट्ट्या झाल्या तरी डोळे वटारून बघत राही, आणि चादर वाळली की दारात उभी करता येईल इतकी कडक होई. टँकर आला की अख्खी बिल्डिंग बादल्या घेऊन खाली. चार भाषांतून भांडण व्हायचं आणि चारींतून मिटायचं. आबा, म्हणजे माझे वडील, पोस्टात सॉर्टिंगला होते. त्यामुळे असेल, पण रांग लावून द्यायचं काम आपोआप त्यांच्याकडे आलं. लोक त्यांचं ऐकत, कारण ते स्वतः नेहमी शेवटी उभे राहत.

स्टेशनच्या पुलावरून भाईंदरच्या अंगाला मिठागरं दिसत. मे महिन्यात तिथे मिठाच्या राशी लागत. भर दुपारी त्यांच्याकडे बघवत नसे, डोळ्यांत पाणी यायचं. पावसाच्या आत मीठ हलवायचं म्हणून बायका डोक्यावर टोपल्या घेऊन बांधावरून चाललेल्या असत, एकीमागे एक, न बोलता. स्टेशनबाहेर जवळच्या मोरवा गावातली एक आजी ताडगोळे घेऊन बसायची. ‘घे गो बाय, कवला हाय, पोटाला थंड.’ मी दोन घ्यायची आणि तिथेच उभी राहून खायची. रस मनगटावरून थेट कोपरापर्यंत. अंगावर असलेला कुडता तेव्हा माझ्याकडचा एकमेव ऑफिसचा कुडता असे, आणि आई तो डाग खारट पाण्यात घासत बसे.

त्या वर्षी मी मॅनेजमेंटच्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन उन्हाळी ट्रेनिंग शोधत होते. मोठ्या बँका संस्थेत येऊन मुलं निवडून गेल्या. मला कुणी घेतलं नाही. का, ते मला ठाऊक होतं. उत्तर बरोबर असायचं, पण ते डोक्यातल्या मराठीतून तोंडातल्या इंग्रजीत येईपर्यंत पुढचा प्रश्न येऊन उभा राहिलेला असे. शेवटी आमच्या सरांनी एक पत्ता दिला. फोर्टमधल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सहा माणसांची मर्चंट बँक. इन्व्हेस्टमेंट बँकेला आपल्याकडे तेव्हा हाच शब्द होता. कंपन्यांना शेअर बाजारात आणायचं, त्यासाठी कंपनीची सगळी कुंडली मांडणारी जाडजूड पुस्तिका, प्रॉस्पेक्टस, तयार करायची, हे तिथलं काम. काउंटर नाही, पासबुक नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या शेखचाचांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. ‘बेटी, लॉकर भी नहीं? फिर कैसा बँक?’ 

मालक रसिकभाई. साठीच्या आसपासचे, पांढरी सफारी, चष्मा कायम कपाळावर. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. ‘सुजाता, तू मनात गिनती कोणत्या भाषेत करते?’

‘मराठीत,’ मी ओशाळून म्हटलं.

‘मग मराठीतच वाचायचं.’

त्यांच्याकडे एक रीत होती. छपाईला जाण्याआधी प्रॉस्पेक्टसमधला प्रत्येक आकडा दोघांनी मोठ्याने वाचायचा. एकाने हातातल्या मसुद्यातून, दुसऱ्याने छापील पानावरून. आणि इंग्रजीत वाचायला बंदी. ‘इंग्लिशमध्ये आकडा पळते,’ ते म्हणत. ‘सेव्हन्टी नाइन, एटी नाइन, डोळा पुढे निघून जाते. आपल्या भाषेत जीभ अडकते ने, तेव्हा माणूस थांबून बघते.’ मग ते गुजरातीत वाचत आणि मी मराठीत. सुडतालीस, सत्तेचाळीस. अगणोसित्तेर, एकोणसत्तर. तास तास हेच. फोर्टमधल्या त्या गंभीर इमारतीत आमच्या दारातून पाढे ऐकू येत. एवढं शिकून पुन्हा बिगरीत बसल्यासारखी मला पहिले चार दिवस लाज वाटली. पाचव्या दिवशी मी एक चूक पकडली. रसिकभाईंनी डब्यातला खाखरा माझ्यापुढे केला. त्या ऑफिसात तो मोठा मान होता, हे मला नंतर कळलं.

त्या माणसावर माझा जीव जडला. ज्या भाषेमुळे मला सगळीकडे मागे राहावं लागलं होतं, तीच इथे कामाला येत होती. असं काही कुणी आपल्यासाठी केलं की ते विसरता येत नाही. आजही मी आकडे ओठांत पुटपुटत वाचते. परवा एका इंटर्नने फार आदराने विचारलं, ‘मॅडम, तुम्ही जप करता का?’ मी हो म्हटलं.

ट्रेनिंग संपत आलं तेव्हा मीरा रोडच्याच हाटकेश भागातल्या एका कारखान्याचं काम आलं. कागदावर जी यंत्रं लिहिली आहेत ती खरंच आहेत का, हे जाऊन मोजायचं. रसिकभाई आणि मी गेलो. पत्र्याच्या शेडखाली दीड तास भाजून निघालो. बाहेर आल्यावर मी सहज म्हटलं, ‘सर, आमचं घर जवळच आहे.’ म्हटलं आणि मग घाबरले.

आई माझ्यापेक्षा जास्त घाबरली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी निळ्या कोटातले आमचे बाबासाहेब. घर कुणाचं आहे ते दारातूनच कळायचं. मला स्वयंपाकघरात ओढून आईने कानात विचारलं, ‘पाणी देऊ ना गं त्यांना? पितील?’ मी काही बोलायच्या आत आबांनी स्वतः तांब्या-पेला नेऊन ठेवला आणि शेजारी उभे राहिले. रसिकभाईंनी विचारलं, ‘उकाळेलुं छे?’ आई आतून म्हणाली, ‘हो हो, उकळलेलं आहे, इथलं पाणी उकळल्याशिवाय पीतच नाय आम्ही.’ ते गटागट प्यायले. पेला खाली ठेवला आणि म्हणाले, ‘थोडा अजून.’

आबा त्या दुसऱ्या पेल्यानंतर खुर्चीवर बसले.

मी चहा टाकत होते. बाहेर दोघांच्या गप्पा रंगल्या. पोस्ट, कारखाने, मीरा रोडचे भाव, पाणी. मग रसिकभाई म्हणाले, ‘साहेब, आ छोकरी मला देऊन टाका. शिकणं झालं की सीधी माझ्याकडे. मी तिला तयार करेल.’ आणि आबा म्हणाले, ‘दिली. माझा शब्द.’ मी चहाचे कप घेऊन बाहेर आले तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. लग्न ठरावं तसं माझं ठरलं, फक्त पोहे नव्हते. मला आनंदच झाला. मोठ्या बँकांनी मला नाकारल्याचं दुःख त्या चहाबरोबर पिऊन टाकलं आणि निर्धास्त झाले.

पण जानेवारीत मोठ्या बँका पुन्हा संस्थेत आल्या. त्यांतली एक परदेशी इन्व्हेस्टमेंट बँक, जिचं नाव घेतानाही मुलं आवाज खाली करायची. मी मुलाखतीला गेले ते गंमत म्हणून. माझं तर ठरलेलंच होतं. नोकरी नको असलेल्या माणसाचं इंग्रजी फार छान होतं, हे मला त्या दिवशी कळलं. समोरच्या तिघांनी एका प्रॉस्पेक्टसचं पान पुढे केलं आणि यावर काय वाटतं ते बोला म्हणाले. मी सवयीने पुटपुटत वाचायला लागले. एकोणऐंशीवर जीभ अडली. खाली तक्त्यात बघितलं तर एकोणनव्वद. मी म्हटलं, यातला एक आकडा चुकलाय. तिघांनी पान उलटं-सुलटं करून बघितलं. त्यांना स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं. संध्याकाळी त्यांनी मला नोकरी दिली.

म्हणजे रसिकभाईंनी शिकवलेली विद्या वापरून मी त्यांना सोडायची पायरी चढले होते. घरी सांगितलं. आई म्हणाली, ‘मोठी म्हणजे खूप मोठी आहे का गं?’ मी म्हटलं, खूप. आबा म्हणाले, ‘चांगलं झालं.’ एवढंच. आणि टँकरची वेळ झाली म्हणून खाली गेले.

मग सुरू झाले ते पाच महिने. पत्र लिहायला घ्यायची, फाडायची. ‘आदरणीय रसिकभाई’ इथपर्यंत उत्तम जमायचं. आपल्याला तिकडे जायचंय हे मला पक्कं कळलं होतं, आणि तेच लिहवत नव्हतं. ज्या बँकांनी मला दारातून परत पाठवलं त्यांच्यातल्याच एकीत, पुढच्या दाराने, माझी मी शिरणार होते. ही हौस कृतघ्न आहे की साधी माणसासारखी, ते ठरत नव्हतं. आबा काही विचारत नव्हते. विचारत नव्हते हेच घरभर जाणवायचं. परीक्षा झाली, रिझल्ट लागला, पुन्हा मे आला. पुन्हा मिठाच्या राशी, पुन्हा वटारलेली डाळ. एक जूनला रुजू व्हायचं होतं.

वैशाखी पौर्णिमेला आई खीर करते. त्या दिवशी वाट्या समोर आल्या आणि आबांनी विचारलं, ‘त्यांना कळवलंस?’

‘पत्र लिहितेय.’

‘जन्मभर दुसऱ्यांची पत्रं लावतोय मी. माणसं पत्र कशाला लिहितात ते मला सांगू नको.’ त्यांनी वाटी बाजूला ठेवली. ‘शब्द मी दिला होता. मोडायचा तर मीच समोर जाऊन मोडणार. तो माणूस आपल्या घरचं पाणी प्यालाय.’

आई सहसा आबांना उलटून बोलत नसे. त्या दिवशी बोलली. ‘पाणी प्याले यात उपकार कसले त्यांचे? तहान त्यांना लागली होती ना?’

आबांनी वाटी पुन्हा पुढे ओढली आणि खीर संपवली. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली, पांढरा शर्ट इस्त्री केला, आणि आम्ही फोर्टला गेलो.

रसिकभाईंच्या ऑफिसात खिडकीजवळ एक नवं टेबल आलं होतं. त्यावर अजून कुणी बसत नव्हतं, ते बघताक्षणी कळत होतं.  आबा खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत.

‘मी दिलेला शब्द मागे घ्यायला आलोय,’ ते म्हणाले. ‘मुलीला दुसरीकडे नोकरी लागली. मोठी बँक आहे. जानेवारीतच लागली, सांगायला आम्ही उशीर केला.’

रसिकभाईंनी कपाळावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘मला फेब्रुवारीत कळलं,’ ते म्हणाले. ‘बाजार केवढासा आहे. मी वाट बघत होतो, ही कधी येऊन बोलते.’

मी कसंबसं विचारलं, ‘मग टेबल?’

‘ते मार्चमध्ये आणलं. म्हटलं, कदाचित नाय जाणार.’

त्यांच्या आवाजात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. आबांना ते सहन झालं नाही. ते एकदम म्हणाले, ‘तुम्ही म्हणाल तसं करू. तुम्ही नाही म्हणालात तर ती तिकडे जाणार नाही. इथेच येईल. माझा शब्द आहे.’

मी आबांकडे बघतच राहिले. पाच महिने मी ज्याला घाबरत होते ते हेच होतं, हे मला तिथे उभी असताना समजलं. रसिकभाई रागावतील ही भीती नव्हतीच. आबा मला पुन्हा एकदा देऊन टाकतील, ही होती. खिडकीजवळचं टेबल तीन पावलांवर होतं.

रसिकभाईंनी टेबलावरचा चष्मा उचलून पुन्हा कपाळावर चढवला. मग म्हणाले, ‘साहेब, मी काय म्हणू? तिला विचारा ने. गेल्या साली आपण दोघांनी चाय पिता पिता नक्की केलं. तिला कोणी विचारलं होतं?’ आणि माझ्याकडे वळले. ‘बोल बेटा. तुला काय पायजे?’

मी सवयीने आधी आबांकडे बघितलं. आबा फरशीकडे बघत होते.

‘मला जायचंय,’ मी म्हटलं. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. ‘मला तिकडे जायचंय. आणि तुम्हाला सोडताना फार वाईट वाटतंय. दोन्ही खरं आहे, सर.’

‘दोन्ही खरं असते,’ रसिकभाई म्हणाले. ‘जा. पण चाय पिऊन जा.’ चहा आला. आम्ही तिघं तो प्यायलो, अगदी सावकाश, जणू काही घाई नव्हती. निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मी रडले. गंमत म्हणजे आदल्या वर्षी त्यांनी किंवा आबांनी मला विचारलं असतं, तर मी उडी मारून हो म्हटलं असतं. मग कदाचित मलाही तो शब्द मोडवला नसता.

रसिकभाई पुढे बरीच वर्षं होते. दर दिवाळीला फोन करायचे. पहिला प्रश्न माझ्या नोकरीचा कधीच नसे. ‘आबा केम छे?’ हाच असे.

त्या संध्याकाळी मीरा रोडला उतरलो तेव्हा ऊन कललं होतं आणि खाडीवरून वारा सुटला होता. आबा चर्चगेटपासून एक अक्षर बोलले नव्हते. त्यांचा अपमान झाला असं त्यांना वाटतंय, आणि तो माझ्यामुळे झालाय, असं मी धरून चालले होते. शांती नगरच्या रस्त्याला लागलो तेव्हा ते चालता चालता बोलायला लागले, माझ्याकडे न बघता.

‘माझ्या बापाला गावात कुणी कधी काय विचारलं नाय. सांगायचे. हे उचल, तिकडे जा, उद्या पहाटे ये. बाप जी म्हणायचा. मी ते बघतच मोठा झालो. त्याला एकदा तरी कुणी विचारावं, तुझं काय म्हणणं, असं मला फार वाटायचं.’

 आबांनी मला गावाबद्दल इतकं कधी सांगितलं नव्हतं.

‘त्या दिवशी हा एवढा मोठा माणूस आपल्या घरात बसून मला विचारतोय, मुलगी द्याल का. मला इतकं बरं वाटलं, सुजाता. मला कुणी विचारतंय यातच मी हरखून गेलो. आणि तुला विचारायचं राहिलं.’

‘असू दे, आबा.’

‘असू दे कसं?’ ते म्हणाले. ‘आजपण तेच केलं मी. तुझ्या समोर.’

पुढे रस्ता आमच्या बिल्डिंगकडे वळत होता. आबा वळणावर थांबले. शर्टाची इस्त्री पार मोडली होती, पाठ घामाने भिजली होती. त्यांना दम लागला असेल असं मला वाटलं. तर त्यांनी मान वर केली आणि मला विचारलं, ‘घरी जायचं, का अजून थोडं चालायचं?’

एवढासाच प्रश्न. पण विचारून झाल्यावर ते एक पाऊलही पुढे गेले नाहीत. मी काय म्हणते, याची वाट बघत तसेच उभे राहिले.